वळण

बाहेर उणे अठ्ठावीस. यॉर्क्टनचे रस्ते बर्फाखाली.
तळघरातून ओरेस्तनं हाक मारली,
"पावलीना, तुझा तो वाकडा चिमटा कुठाय?"

माझा चिमटा. रक्तवाहिनी धरायचा.
एकतीस वर्षांच्या नोकरीतून घरी आणलेली
माझी एकमेव चोरी.

टेबलावर विमान, शेपूट भिंतीकडे.
नाकावर पिवळं गोल काऊल, रंगाच्या डब्याएवढं,
आत इंजिन उलटं टांगलेलं,
आणि उरल्यासुरल्या फटीतून न्यायच्या तीन नळ्या:
हिरवी कार्बुरेटरला,
लाल टाकी भरायला,
तिसरी बिनरंगी, सायलेन्सरची फुंकर टाकीत आणणारी.
बोट शिरत नाही.
त्याची बोटं तर उभा जन्म
गव्हाच्या कोठारात फावडं धरून जाड झालेली.

मी चिमटा दिला आणि वर आले.
आठवडाभर कपड्यांना एरंडेलाचा वास.

मे महिन्यात गावाबाहेरच्या माळावर,
जिथं गोफरांनी बिळांची चाळण केलीय,
त्यानं ते उडवलं.
जमिनीवर इंजिन छान गुरगुरलं.
चढायला लागलं तसा आवाज बारीक झाला,
बारीक, उंच,
आणि मग नुसता वारा.
शेजारच्या कनोलात उतरलं. एक चाक गेलं.
वॉल्टर क्लासेन म्हणाला, सुई दोन खटके उघड.
उघडली. पुन्हा तेच.
पुढच्या रविवारी प्लग नवा. त्याच्या पुढच्या रविवारी टाकी नवी.
इंधनाचा कॅन आणायला पार रेजायनापर्यंत गेला.
माझ्याशी अवाक्षर नाही.
माणूस मुळातच आतल्या गाठीचा,
चार स्क्रू काढल्याशिवाय
काय चाललंय ते दिसत नाही.

मला ते दुखणं ओळखीचं होतं.
रात्रपाळीत, सहा नंबरच्या खाटेवरचा म्हातारा
झोपेत कोपर दुमडायचा,
आणि सलाइनचा थेंब लोंबत राहायचा, पडायचा नाही.
बाटली भरलेली. सुई जागेवर.
पण मला कोणी विचारलं होतं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो स्वयंपाकघरात आला,
काऊल हातात, चर्चमध्ये टोपी धरतात तसं.
नुसता उभा. मग म्हणाला,
"नळी आत दुमडली, आणि दिसत नसेल,
तर तुम्ही कसं ओळखायचात?"

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात
माझ्या कामाबद्दलचा पहिला प्रश्न.
मी बोर्श्तखालची आच बंद केली.

खाली गेलो. त्याला सहा नंबरची गोष्ट सांगितली.
म्हटलं, काऊल लाव, चारी स्क्रू आवळ.
सायलेन्सरपाशी बिनरंगी नळी मी चिमट्यात धरली.
आता लाल नळीतून फुंक.
त्यानं फुंकलं, गाल फुगले, कान लाल झाले.
हवा जाईना.
काऊल काढलं. सरळ गेली.
तो माझ्याकडे बघत राहिला, ओठांवर तेल.

"जवळच्या वाटेनं नेलंस, म्हणून मोडते," मी म्हटलं.
"लांबून घे. नळीला वळण लाव."

भिंतीतलं छिद्र त्यानं बोटभर खाली नेलं,
पितळेची काडीएवढी नळी तापवून वाकवली,
बॉलपेनातली स्प्रिंग हिरवीवर चढवली.
चिमटा मी धरला.
पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदाही,
आणि त्यानं युक्रेनियनमध्ये काहीतरी म्हटलं
जे त्याच्या आईनं त्याला शिकवलं नसणार.
तिसऱ्या खेपेला, आत, अंधारात,
रबर पितळेवर बसल्याचं
शीर लागल्यासारखं माझ्या बोटांना कळलं.

चौथा स्क्रू सापडेना.
दोघंही गुडघ्यांवर, टेबलाखाली, एकच टॉर्च.
"त्या सहा नंबरचं," तो लाकडाच्या भुश्शात चाचपत म्हणाला,
"पुढं काय झालं?"